डाव्या बाजूचं फूल

आमच्या घरात कुणी काही करत नसे. सगळं होत असे. दूध उतू जात असे, ते कुणी उतू घालवलेलं नसे. तराजूचं वजन निसटून पायावर पडत असे, ते कुणाच्या हातून सुटलेलं नसे. मी मदरशात, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेत, उर्दूच्या परीक्षेत आपटलो तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कपाळाला बोट लावलं आणि "न्हवतं लिहिलेलं," एवढंच म्हणून पुन्हा सुपारी कातरायला घेतली. दुसऱ्या पोरांचे बाप अशा वेळी चप्पल घेऊन मागे लागत. मला मार हवा होता असं मुळीच नाही. पण अख्खा पावसाळा मी पुस्तकाला हात लावला नव्हता, किल्ल्याच्या खंदकात खेकडे धरत हिंडलो होतो. माझ्या नापास होण्यावर मी मेहनत घेतली होती. तिचं श्रेय सटवाईला मिळालं, याचा राग मला अजून येतो.

धारूरच्या पेठेत आमचं किराण्याचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, आणि मध्ये एक अंगण, त्यात पांढऱ्या कण्हेरीचं झाड. दुकानातल्या मालाचा वास घरात आणि घरातल्या फोडणीचा वास दुकानात, अशी कायमची ये-जा असायची. आम्ही लिंगायत; सकाळी अप्पा गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करत, तेव्हा त्यांच्या पुटपुटण्यात अव्वाच्या उखळाचा आवाज मिसळलेला असे. अव्वा, माझी आई, येसर, म्हणजे आमटीचा मसाला, कुटायची तेव्हा शेजारची गिऱ्हाइकं दुकानात येऊन आधी शिंकायची आणि मग गूळ मागायची. तिच्या येसराच्या आमटीला जी चव होती ती पुढे मला कुठल्याच ताटात मिळाली नाही. बाजरीचा गरम उंडा कुस्करून त्यावर ती आमटी, वर करडीच्या कच्च्या तेलाची धार. आज डॉक्टरनं तेल बंद केलंय. तेही लिहिलेलंच असणार म्हणा.

मूल जन्मलं की पाचव्या दिवशी सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर सगळं लिहून जाते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यासाठी पाटावर कोरा कागद, दौत आणि बोरू ठेवायचा. अप्पा तर दुकानदार माणूस, त्यांचा लिहिलेल्या गोष्टीवर भारी विश्वास. पण जे लिहिलंय ते वाचायचं कसं? त्यासाठी महादेवाचा कौल होता. गावाबाहेरच्या महादेवाला प्रश्न विचारायचा, पिंडीच्या उजव्या आणि डाव्या बाजूला कण्हेरीची एकेक पाकळी पाण्यानं चिकटवायची, आणि समोर बसून राहायचं. उजवी आधी पडली तर 'होय', डावी पडली तर 'नको'. पाकळ्या ज्याच्या त्यानं आपल्या घरून आणायच्या आणि गुरवानं लावायच्या, अशी रीत. बैल घ्यायचा, कौल. हळदीचं पोतं आत्ता फोडायचं की सणाला, कौल. एकदा अव्वाचा दात दुखत होता तर तो काढायचा की ठेवायचा यालाही कौल झाला. डावी पडली, आणि अव्वा गाल धरून आणखी दोन महिने येसर कुटत राहिली.

माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी बहीण, अक्का, केजला दिली होती. तेही स्थळ कौलातूनच आलेलं. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी ती पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. दिवस भरत आले होते. अक्का तोंडानं फटकळ, पण त्या दिवसांत ती गप्प असायची. अंगणात पाय पसरून बसायची, कण्हेरीची गळलेली फुलं गोळा करून ओटीत घ्यायची आणि पुन्हा खाली टाकायची. आमच्यापासून तिसऱ्या घरी राहीबाई सुईण राहायची, ती दिवसाआड येऊन अक्काच्या पोटावर हात ठेवून जायची. सगळं नीट चाललं होतं. आणि मग कासारांच्या आळीत उंदीर पडले.

उंदीर पडले म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगावं लागेल. तुळईवरून, आढ्यावरून धप्पदिशी मेलेला उंदीर खाली पडायचा, आणि आठवड्याभरात त्या घरात कुणाच्या तरी जांघेत गाठ यायची. प्लेग. उंदीर पडले की शहाणी माणसं घराला कुलूप लावून रानात झोपड्या घालत. अर्धं गाव बघता बघता माळावर गेलं. माझे सोबती सगळे तिकडे. मदरसा बंद, मौलवीसाहेबसुद्धा माळावर, आणि तिथून पोरांच्या हुतूतूचा ओरडा गावात ऐकू यायचा. आमच्या घरी मात्र वाद. अव्वा म्हणे, "पोरगी अवघडलेली हाय. रानात कुठं बाळंतीण करू? राहीबाई हितं हाय, मी न्हाई येत." राहीबाई गाव सोडणार नव्हती. तिला रानही नव्हतं आणि तिथं झोपडी बांधून देणारं माणूसही नव्हतं. अप्पा दोन दिवस सुपारी कातरत राहिले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सकाळी कौल लावू."

मला ते ऐकून इतकी चीड आली की जेवण गेलं नाही. उंदीर कासारांच्या आळीपर्यंत आलेले, आणि आमचं जगणं-मरणं दोन पाकळ्यांवर! मी म्हटलं, "अप्पा, सगळं गाव चाललंय. कौल कावून पायजे?" अप्पा म्हणाले, "जायचं आसंल तर देव जा म्हणंल." "आन् न्हाई म्हणला तर?" "तर न्हाई." एवढं बोलून त्यांनी अडकित्ता मिटला. मी सोळा वर्षांचा होतो. त्या वयात भिंतीवर डोकं आपटायला फार वेळ लागत नाही, आणि आमच्या घरात तर भिंतही मऊ होती, आपटून आवाजसुद्धा येत नसे.

सकाळी पूजेनंतर मी दुकानात गेलो. डिंकाच्या डब्यातून बाभळीचा एक खडा घेतला, वाटीत पाण्यात चुरला आणि अंगणात येऊन कण्हेरीच्या दोन चांगल्या पाकळ्या निवडल्या. एकीच्या पाठीला बोटानं डिंक लावला, पातळसा, दिसू नये असा. ती डावी. बोटं चिकट झाली, ती दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्याला पुसली. अक्का भिंतीला टेकून बसली होती, तिचे डोळे मिटलेले होते. थोड्या वेळापूर्वी ज्या तळहातावर मी लिंग धरलं होतं त्याच तळहातावर दोन्ही पाकळ्या घेऊन मी अप्पांच्या मागे निघालो.

म्हादबा गुरवाच्या डोळ्यांवर सारा, म्हणजे पडदा, आलेला; त्याला तेव्हा नीट दिसत नव्हतं. त्यानं मी दिली तशी उजवी उजवीकडे आणि डावी डावीकडे लावली. अप्पांनी प्रश्न विचारला. आम्ही बसलो. पिंडीवरच्या गळतीचं पाणी थांबवलेलं, गाभाऱ्यात शेवाळाचा आणि जुन्या बेलाचा वास. उजवी पाकळी सुकली, कडेनं उचलली आणि पडली. अप्पांनी कपाळ जमिनीला टेकवलं आणि उठून म्हणाले, "चला. निघायचं हाय." मला त्या क्षणी काय वाटलं ते खरं सांगतो. मला वाटलं, या घरात आज पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी केलं.

आमचं रान गावापासून अर्ध्या कोसावर, बालाघाटाच्या उतारावर. तुराट्यांच्या कुडाच्या दोन झोपड्या उभ्या राहिल्या. अव्वानं तीन दगडांची चूल मांडली, आणि पहिल्या दिवशी तिथं धपाटे झाले ते मी एकट्यानं सहा खाल्ले. अक्काचा चेहराही सुटला होता. ती लिंबाखाली बसायची आणि समोरचा किल्ला बघायची. एकदा मला म्हणाली, "हितं वारं लई चांगलं हाय रे शिवा." मी मनात फुशारलो.

चौथ्या दिवशी सरकारनं गाव बंद केलं. वेशीला दोर बांधला, आतलं माणूस बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. आणि सहाव्या दिवशी, सकाळची न्याहारी होते न होते तोच, अक्काला कळा सुरू झाल्या. दुपारपर्यंत अव्वाच्या लक्षात आलं की बाळ आडवं आहे. ती झोपडीतून बाहेर आली, हाताला तेल तसंच, आणि मला म्हणाली, "पळ. राहीबाईला आण."

मी पळालो. वेशीवर जो शिपाई बंदूक घेऊन उभा होता तो आमच्याच दुकानात सुपारी घ्यायला येणारा म्हातारा. मी दोराशी उभा राहून राहीबाईच्या नावानं बोंब मारली. आतल्या पोरांनी निरोप नेला आणि राहीबाई पदर खोचत आली, दोराच्या पलीकडे येऊन उभी राहिली. माझ्या आणि तिच्या मध्ये चार हातांचं अंतर. ती शिपायाला म्हणाली, "सोड रं बाबा. पोरगी अडली हाय." शिपायाच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही, मी बघितलं. तो म्हणाला, "मेरे हात में कुच नई बाई. ऊपर से हुकुम है." मी त्याच्या पाया पडलो. तो तेच म्हणत राहिला, "मेरे हात में क्या है बाबा, मेरे हात में क्या है," आणि त्याच्या हातात बंदूक होती. त्याच्या पलीकडे आणखी दोघे उभे होते. राहीबाई ओरडली, "अमीनसाहेबाकडं पळ, चिठ्ठी आण!" अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, नाक्यावर नव्हते. केजच्या वाटेवर कुठल्या वस्तीत गेले होते. मी त्या वाटेनं धावत सुटलो, त्यांना गाठलं, आणि त्यांनी ऐकल्याबरोबर, घोड्यावर बसल्या बसल्या, चिठ्ठी दिली. वाईट माणूस कुणीच नव्हता. हीच गोष्ट मला आजवर पचत नाही. एकही वाईट माणूस मला त्या दिवशी भेटला नाही.

राहीबाईला घेऊन रानात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. अप्पा लिंबाखाली बसले होते आणि झोपडीतून काहीच आवाज येत नव्हता. मुलगा होता. त्याचं रडणं कुणी ऐकलं नाही. राहीबाई आत गेली म्हणून अक्का तेवढी वाचली. बाळाला आम्ही बांधाच्या कडेला माती दिली. त्याला पाचवा दिवस दिसला नाही, त्याच्यासाठी कागद-बोरू कुणी मांडला नाही, म्हणजे अप्पांच्याच हिशेबानं त्याच्या कपाळावर काहीही लिहिलेलं नव्हतं. तरी अप्पा माती सारखी करून उठले आणि म्हणाले, "लिहिलेलं व्हतं." मला ओरडायचं होतं की लिहिलेलं नव्हतं, मी केलंय, डिंक लावून केलंय. तोंड उघडलं नाही. माणसं माळावरून परत आली तेव्हा आमच्या आळीत एकही उंदीर पडलेला नव्हता, एकाही घरात गाठ आलेली नव्हती. राहीबाई आपल्या उंबऱ्यावर बसून तूर निवडत होती, आमच्यापासून तिसऱ्या घरी.

अक्काला पुन्हा मूल होणार नाही हे ठरलं. म्हणजे तेही कुणी ठरवलं नाही, झालं. केजच्या लोकांनी तिच्यावर सवत आणली आणि दोन-तीन वर्षांत तिला बैलगाडीत बसवून आमच्या दारात आणून सोडलं. ती राहिली ती राहिलीच. अव्वाचं उखळ तिच्या हातात आलं.

अप्पांना मी सांगितलं, पण फार उशिरा. ते मागच्या खोलीत अंथरुणाला खिळले होते आणि दुकान मी बघत होतो. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, मी आत गेलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पाकळी, डिंक, डावी बाजू. वर्षानुवर्षं मी त्या क्षणाची भीती बाळगली होती. ते मला घराबाहेर काढतील, निदान तोंड फिरवतील. अप्पा डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "डिंक आपल्याच दुकानातला व्हता न्हवं?" मी हो म्हटलं. "मंग झालं की. डिंक दुकानात, झाड अंगणात, गुरवाच्या डोळ्यात सारा, आन् घरात तुज्यासारखा हट्टी पोरगा. समदं आधीच मांडून ठिवलंवतं. तुज्या हातानं व्हायचं व्हतं, झालं." मी अक्षरशः ओरडलो, "अप्पा, मग मी कुठं हाय त्यात? मी केलं ते!" ते म्हणाले, "तू हायस की. हितंच हायस. बस, जरा पाय चेप." आणि मी पाय चेपत बसलो. माझं पापसुद्धा त्या माणसानं माझ्या नावावर राहू दिलं नाही.

आता या वयात मला कळतं की ती त्यांची माया असेल. पोराच्या डोक्यावरचं ओझं उतरवायची त्यांना एवढी एकच तऱ्हा ठाऊक होती. पण तेव्हा मला वाटलं, हा माणूस मला खुंटीला टांगलेल्या पिशवीइतकंच मोजतो. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्यांचं बोलणं मला खोडता येईना. मी रात्रंदिवस मागे जाऊन शोधायचो. डिंक का लावला? भीती वाटली म्हणून. भीती का वाटली? उंदीर पडले म्हणून. ते मी पाडले नव्हते. माळावर सोबती होते, त्यांच्यात जायची ओढ होती, हेही कबूल करतो. ती ओढ मी कुठून आणली होती? आणि कौलाचा राग, तो हट्ट? तो तर सरळ अप्पांचाच, नाकासारखा त्यांच्याकडून आलेला. एकेक धागा ओढला की तो माझ्या बाहेरच कुठंतरी बांधलेला सापडायचा, आणि शेवटी हातात 'मी' म्हणून काही उरतच नसे. माणसाला स्वतःची मर्जी नसतेच, असं म्हणणारे लोक आळशी किंवा घाबरट असतात असं मी तरुणपणी समजत असे. काही असतातही. पण काही जण माझ्यासारखे धागा ओढत ओढत तिथं पोचतात आणि मग परत यायची वाट त्यांना सापडत नाही.

मी तिथं राहू मात्र शकलो नाही. कारण सगळं आधीच मांडलेलं होतं असं म्हटलं की मी सुटतो, आणि असं सुटणं मला चोरी करून पळाल्यासारखं वाटे. उलट मी केलं असं म्हटलं की ते बाळ माझ्या गळ्यात. या दोन्हींच्या मध्ये मी दुकान चालवलं, लग्न केलं, पोरं वाढवली. माझा नातू औरंगाबादेत कॉलेजात विज्ञान शिकतो. मागच्या सुट्टीत तो मला सांगत होता की सगळं जग नियमानं चालतं, मेंदूही त्याच जगातला, तेव्हा आजोबा, तुम्ही ठरवता असं तुम्हाला फक्त वाटतं. मी म्हटलं, अरे, म्हणजे सटवाईनं बोरू टाकून खडू घेतला की! तो हसला. मला हसू आलं नाही. मी त्याला विचारलं, "मग तू अभ्यास कशाला करतोस?" तर म्हणतो, "करणार होतोच ना." हुबेहूब अप्पा. कानशिलात द्यावीशी वाटली.

त्याच्या त्या बोलण्यानं खपली निघाली, आणि तो गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी अक्काजवळ जाऊन बसलो. अप्पा, अव्वा कधीच गेलेले. आम्ही दोघं पांढऱ्या केसांची, एकाच घरात. ती अंगणात शेंगा फोडत होती. कण्हेर अजून आहे. मी म्हटलं, "अक्का, तुला एक सांगायचं राहिलंय." आणि सांगितलं. उभ्या जन्मात तिला हे सांगायची माझी छाती झाली नव्हती. सांगताना मी तिच्याकडे बघितलं नाही. मला वाटत होतं, आता तरी कुणीतरी मला शिव्या देईल.

शेंगा फोडायचा आवाज थांबला नाही. ती म्हणाली, "ठावं हाय मला."

"कवापासून?"

"त्याच दिशीपासून. डिंकाची बोटं तू माज्याच लुगड्याला पुसलीस. वाळल्यावर तेवढंच कडक झालंवतं. आन् माजे डोळे मिटलेले न्हवते शिवा, किलकिले व्हते. बघितलं मी तुला."

मी विचारलं, "मग बोलली का न्हाईस? अव्वाला एक शब्द सांगितला असतास तर त्यांनी फूल बदललं असतं."

"म्हणूनच न्हाई सांगितला." तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "मला जायचं व्हतं. कासाराच्या आळीत उंदरं पडत व्हती, पोटात पोर व्हतं, मला हितं बसून मरायचं न्हवतं. तू डावीला डिंक लावलास, मी म्हणलं, बरं झालं. आन् गप बसले."

काय झालं असेल ते असो, इतक्या वर्षांनी माझ्या छातीवरून काहीतरी उठल्यासारखं वाटलं, आणि त्या भरात मी मूर्खासारखं बोलून गेलो. म्हटलं, "न्हाई अक्का, तुझा काय दोष त्यात? केलं ते मी. ते माझ्याच माथी राहू दे."

अक्का भडकली. केजहून गाडीतून उतरली त्या दिवशीसुद्धा तिला इतकी चिडलेली मी पाहिली नव्हती. "कावून राहू दे? लगीन अप्पानं लावलं. सवत त्यांनी आणली. माघारी आले ती गाडी बी दुसऱ्यानंच जुपली. जलमभर येक गोष्ट मी माज्या मनानं केली, गप बसले. चुकली. लेकरू गेलं. पण ती माजी हाय. ते बी तुला पायजे व्हय रे?"

तिनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं आणि शेंगा फोडायला लागली. अव्वा जायचं नाही म्हणाली होती, अप्पांनी देवाला विचारलं होतं, मी देवाला फसवलं होतं. जायचं की राहायचं हे ज्या एका माणसाच्या जिवावर बेतलेलं होतं, त्या अक्काला त्या घरात कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.